वानगी घेतली, भाव सांगितला नाही

माझ्या रक्ताची वानगी घेऊन भाव न सांगता निघून गेलेल्या लोकांनी मला फसवलं आहे. मला, आणि माझ्या शेजारच्या खाटेवरच्या साखरखेर्ड्याच्या बाईला. ती आता तक्रार करायला राहिलेली नाही, म्हणून तिच्या वाट्याचं भांडणही मीच भांडते. भांडायची मला सवय आहे.

वानगी म्हणजे काय ते आधी सांगते, कारण सगळा घोळ तिथेच आहे. मी देऊळघाटची. आमच्या मळ्यातली हिरवी मिरची मी धाडच्या आठवडी बाजारात विकते. गिऱ्हाईक येतं, ढिगातून एक मिरची उचलतं, देठाजवळ मोडतं, नाकाशी नेतं, जिभेला लावतं. ही वानगी. तिचे पैसे मी घेत नाही, पण वानगी घेतली की तोंड उघडावं लागतं. भाव पाडून मागा, नाक मुरडा, माल मऊ पडलाय म्हणा, पण बोला. एकदा एक माणूस मिरची मोडून मुकाट्याने पुढे निघाला. मी उठून त्याच्या सदऱ्याची बाही धरली.

"मोडली ते जोडून दे, मंग जाय," म्हटलं.

आजूबाजूचे हसले. तो ओशाळला आणि भाव बोलला. घेतलं काहीच नाही त्याने. मला तेवढंच पाहिजे होतं.

हे मी बापाकडून शिकले. बाप बैलांचा दलाल होता. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांचे हात रुमालाखाली जातात, बोटं दाबून आकडा सांगतात, आणि वरून चेहरे असे ठेवतात की जणू पावसापाण्याच्या गप्पा चालल्यात. लहानपणी मी त्याच्या बाजूला उकिडवी बसून रुमालाची हालचाल बघायचे. तो म्हणायचा, "बोट नाही दाबलं तरी चालते पोरी. हात सोडला का सौदा मोडला. हात हातात हाये तोवर कोणी उठत नसते." पोरीच्या जातीला हे शिकवून काय उपयोग, असं आई म्हणायची. उपयोग झाला, पण तो पुढे सांगते.

सासरी बाईमाणसाने बाजारात बसायची रीत नव्हती. मी बसले. सुरुवातीला नालीच्या काठाला, जिथे गिऱ्हाईक नाक धरून जायचं. तिथून सरकत सरकत निंबाच्या झाडाखाली आले. त्या सावलीसाठी मी किती जणांशी भांडले ते आठवायला बसले तर अर्धा बाजार आठवावा लागेल. बाजारातल्या जागेचा सातबारा नसतो. जो बसतो त्याची. आणि एक हंगाम दुसरा बसला, की मग ती त्याचीच.

मिरचीचे तोडे जोरात होते तेव्हा माझं पोट फुगायला लागलं. दोन घास खाल्ले की गळ्यापर्यंत भरल्यासारखं व्हायचं. लुगड्याची गाठ पुरेनाशी झाली. शेजारी मेथी विकणारी डोळे मिचकावून म्हणाली, "काय व, या वयात पाळणा हलवतं का काय?"

"हलवीन. बारशाले गूळ तुह्याच घरून आणीन," मी म्हटलं.

बुलढाण्यात आधी गॅसच्या गोळ्या मिळाल्या. त्या संपल्यावर सोनोग्राफी झाली. सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला बाहेर बोलावलं, तेव्हा मी टेबलावरून ओरडले, "पोट माह्यं हाये, मले सांगा." त्यांनी सांगितलं. अंडाशयात गाठ होती, पोटात पाणी झालं होतं. मग जिल्ह्याबाहेरच्या मोठ्या शहरातलं रुग्णालय, ऑपरेशन, आणि नंतर सलाईनमधून औषध. हा कॅन्सर आतल्या आत वाढतो, बऱ्याच बायांना उशिराच कळतो, असं तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. ते सगळं खरं सांगत. त्यांच्यावर माझा राग नाही.

ऑपरेशनच्या आधी एक तरुण डॉक्टरीण माझ्या खाटेवर येऊन बसली. कोट तिला मोठा होत होता, बाह्या दुमडलेल्या. इतर डॉक्टर उभ्याने बोलत, ही बसली, म्हणून मी ऐकून घेतलं.

"मावशी, तुमच्या रक्ताचा आणि गाठीचा थोडासा नमुना आम्हाला अभ्यासासाठी द्याल का?"

नमुना म्हणजे वानगी. मी सावरून बसले. "कायचा अभ्यास?"

तिने समजावलं. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत काय बनवायचं, किती बनवायचं याचे हुकूम आरएनए नावाच्या धाग्यांवरून जातात. त्यातले काही तुकडे फारच बारके, त्यांना मायक्रोआरएनए म्हणतात. ते स्वतः काही बनवत नाहीत. कुठला हुकूम जाऊ द्यायचा आणि कुठला दाबून ठेवायचा, एवढंच त्यांचं काम.

"म्हणजे दलाल," मी म्हटलं. "माल त्याचा नाही, पैसा त्याचा नाही, पण तो अडून बसला का सौदा अडला."

ती हसली. "थोडंफार तसंच. कॅन्सरमध्ये यातले काही वाढतात, काही कमी होतात. ते रक्तातही सापडतात. त्यावरून कुणाचा आजार औषधाला दाद देईल आणि कुणाचा लवकर परत येईल, हे आधी सांगता येईल का, ते आम्ही शोधतोय."

"सांगता येईल का" असं ती म्हणाली होती. त्यात "का" होता, मला माहीत आहे. पण "थोडं कमी करता का" मधल्या "का"ला बाजारात कोणी शंका समजतं? मी कामाचं तेवढं ऐकलं: माझ्या रक्तात माझं पुढचं दिसतं.

मग तिने कागद वाचून दाखवला. नीट, सावकाश, एकही ओळ न गाळता. त्यात एक ओळ होती की या अभ्यासाचा वैयक्तिक निकाल भाग घेणाऱ्या व्यक्तीला कळवला जाणार नाही. ती ओळ मी ऐकली. ऐकली नाही असं मी म्हणत नाही. पण बुलढाण्याच्या कापड दुकानातही "एकच भाव" अशी पाटी असते, आणि त्या पाटीखाली बसून मी आयुष्यभर भाव पाडत आले आहे. पाटी लावणाऱ्याने लावायची, आपण बोलायचं. वानगी घेणारा नंतर काहीच बोलणार नाही, ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरलीच नाही. मी सही केली.

शेजारच्या खाटेवर साखरखेर्ड्याची बाई होती. तिला तोच आजार. घरी कुरडया-पापड करून विकायची. आम्ही "मले" म्हणतो तिथे ती "मला" म्हणायची, आणि माझ्या बोलण्याची नक्कल करून सगळा वॉर्ड हसवायची. तिनेही नमुना दिला होता.

"तू काऊन देल्लं व रक्त?" मी विचारलं.

"पोरगी हाय मला. उद्या तिच्यावर अशी पाळी आली तर तिच्या टायमाला डॉक्टरला जास्त कळंल. अजून काय."

"अन तुह्यं पुढचं काय दिसलं ते इचारशीन का नाही?"

"नको बाई. कळालं की त्या दिवसापासून मरायच्या तयारीला लागंल मी. त्यापरीस कुरडया करते."

"मी इचारीन."

"इचार. पण मला सांगू नको. जमंल का तुला गप बसायला?"

"नाही," मी म्हटलं, आणि आम्ही इतक्या हसलो की ती पोट धरून ओरडली, "हसवू नको, मेले, टाके ओढतेत!"

वॉर्डात एक आकडा सगळ्यांच्या तोंडी असे. सीए एकशेपंचवीस नावाची रक्ताची तपासणी. ज्वारी-सोयाबीनचे भाव विचारावेत तसं बाया एकमेकींना विचारायच्या, "तुझा किती निघाला?" तो उतरला की नवरे चहा आणायचे. तो आकडा डॉक्टर स्वतः सांगत. मी ते ध्यानात ठेवलं होतं. पुढच्या बोलण्यात उपयोगी पडेल म्हणून.

औषधाच्या फेऱ्या संपल्या. केस गेले, मिरचीचा वास सोसेनासा झाला, बोटांच्या टोकांना मुंग्या राहिल्या. घरी आले तर निंबाखाली माझा धाकटा दीर बसत होता. मी आजारी असताना जागा रिकामी पडू नये म्हणून तोच गेला होता. हे त्याने चांगलंच केलं. पण आता उठायचं नाव घेईना.

"वहिनी, आता कायले उन्हातान्हात जाता? आराम करा. म्या पाह्यतो ना."

"कधीपर्यंत पाह्यतो?"

"तुम्ही बऱ्या व्हा ना आधी."

बऱ्या व्हा आधी. यात काय भरलं होतं ते मला कळत होतं. नवऱ्याला विचारलं तर तो विळ्याला धार लावत राहिला. "तू म्हणशीन तसं." माझा नवरा भला माणूस आहे, त्यानेच माझं उलटीचं पातेलं धुतलं. पण कधी कधी त्याच्या भलेपणाचाच मला राग येतो.

मला एकच गोष्ट कळायला पाहिजे होती. आजार लवकर परत येणार असेल, तर जागा मी माझ्या हाताने, माझ्या मर्जीच्या माणसाला द्यायची. मेथीवालीला दिली असती. तीही माझ्यासारखीच नालीवरून वर आलेली. आणि येणार नसेल, तर दिराला याच हंगामात उठवायचं. मधे लोंबकळत बसले तर जागा आपोआप जाणार होती. आणि या प्रश्नाचं उत्तर त्या मोठ्या शहरात, माझ्याच रक्तात, कुठल्यातरी फ्रीजमध्ये पडून होतं.

पुढच्या तपासणीला गेले. माझा सीए एकशेपंचवीस चांगला निघाला. मोठे डॉक्टर म्हणाले, "आत्ता सगळं ठीक आहे." आत्ता. मी म्हटलं, पुढचं कोणाला विचारायचं ते मला माहीत आहे.

वॉर्डाजवळून जाताना कोणीतरी हाक मारली, "काय ग मिरचीवाले!" मी वळून पाहिलं. साखरखेर्ड्याची. त्याच वॉर्डात, वेगळ्या खाटेवर. पोट पुन्हा वर आलेलं, गालांची हाडं दिसायला लागलेली. औषध आम्हाला एकच होतं, बाटल्यासुद्धा शेजारी शेजारी टांगलेल्या.

"आलं वाटतं परत," ती म्हणाली. दूध नासल्याचं सांगावं तसं. मग माझ्या डोक्याकडे बघून म्हणाली, "तुझे केस येऊ लागले की. कुरळे येतेत. नवऱ्याला वळखू येशील का?"

मी पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला. 

तिथून मी तडक त्या तरुण डॉक्टरणीकडे गेले. ती एका अरुंद खोलीत कॉम्प्युटरसमोर बसली होती. मला ओळखलं, खुर्ची दिली. अभ्यास पुरा होत आला, म्हणाली. काही मायक्रोआरएनए ज्यांच्यात जास्त होते त्या बायांमध्ये आजार लवकर परत आल्याचं दिसतंय. हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर थोडा आनंद होता. मेहनतीचा माल उतरल्यावर माझ्याही चेहऱ्यावर असतो, म्हणून तो मी ओळखला.

"मंग माह्यात किती हायेत?"

"मावशी, ते मला सांगता येत नाही."

"काऊन? तो एकशेपंचवीसचा आकडा सांगता ना तुम्ही."

"तो वर्षानुवर्षं पाहिलेला आकडा आहे. तो वाढला तर पुढे काय तपासायचं हे ठरलेलं आहे. हे अजून कच्चं आहे. आम्हाला जे वाढलेलं दिसलं, ते दुसऱ्या ठिकाणच्या लोकांना तसंच दिसलं नाही. रक्ताची नळी हिंदकळली, तांबड्या पेशी फुटल्या, तरी यांचा आकडा बदलतो. मी तुम्हाला वाईट सांगितलं आणि ते खोटं निघालं तर?"

"अन खरं निघालं तं?"

"तरी औषध तेच, तपासण्या त्याच. त्या आकड्यावरून मी तुमच्यासाठी वेगळं काहीच करू शकत नाही आज."

"तुम्ही नका करू. मले करायचं हाये." मी तिला जागेचं सांगितलं, निंबाचं, दिराचं. वानगीचं सांगितलं. आवाज चढला होता. दारातून एकाने डोकावून पाहिलं, तिने त्याला हाताने जा म्हटलं.

"एका मिरचीवरून मी अख्ख्या ढिगाचा भाव सांगतो," मी म्हटलं. रागात मी पुरुषासारखी बोलते.

"माझं उलटं आहे, मावशी. मला ढीग दिसतो. खूप बायांचं एकत्र मांडलं की कल दिसतो. त्यातली एकटी मिरची मला सांगता येत नाही."

"मी मिरची नाही."

"नाही ना," ती म्हणाली. "म्हणूनच."

मी उठले नाही. मग विचारलं, "साखरखेर्डेवालीच्या रक्तात दिसलं होतं का?"

तिने मान हलवली. "मी पाहिलं नाही. नळ्यांवर नावं नसतात, नुसते क्रमांक असतात. कुणाचा कोणता ते शोधायचं नाही असं आधीच ठरवलेलं असतं. शोधलं तर माणूस पाहून आकड्याकडे बघण्याची नजर बदलते." मग खाली बघत म्हणाली, "त्या परत भरती झाल्या ते कळल्यावर त्या दिवशी शोधावंसं वाटलं होतं. नाही शोधलं."

तिचंही तोंड बांधलेलं होतं. मग मला बाप आठवला. मी खुर्ची पुढे ओढली, पदर सोडून मांडीवर पसरला आणि म्हटलं, "तोंडानं नका सांगू. हात द्या. चांगलं दिसत असलं तं एक बोट दाबा, वाईट असलं तं दोन. कोणाले कळत नाही. तुम्ही काही बोलल्याच नाही."

तिला आधी समजलं नाही. मग समजलं. तिने दुमडलेली बाही आणखी वर केली आणि हात माझ्या पदराखाली दिला.

हात गार होता. मी वाट पाहिली. एकही बोट हललं नाही. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं, तर तिने चेहरा लपवला नव्हता. बैलबाजारात चेहरा लपवतात. हिच्या चेहऱ्यावर होतं तेवढंच हातात होतं: तिला ठाऊक नव्हतं. पण हात तिने काढूनही घेतला नाही. बाहेर कोणी नाव पुकारत होतं, टेबलावरचा फोन वाजून बंद झाला, तरी ती तशीच बसून राहिली. शेवटी हात मीच सोडला.

परतीच्या एसटीत नवरा म्हणाला, "काय म्हणे मॅडम?"

"काही नाही म्हणे. पण उठली नाही."

त्याला काय कळलं कोणास ठाऊक. त्याने खिडकीकडची जागा मला दिली.

पुढच्या बाजाराला मी दिराच्या आधी धाडला पोचले आणि निंबाखाली पोतं अंथरून बसले. तो आला, बघत उभा राहिला.

"वहिनी, डॉक्टरनं सांगतलं का बरं हाये म्हणून?"

"डॉक्टरले काय इचारतं? मले इचार. सर तिकडं, सावली सोड."

तो कुरकुरला, पण मिरचीची पोती उतरवून दिली आणि नालीच्या बाजूला जाऊन बसला. दुपारी मी त्याला भाकरीला हाक मारली. मेथीवालीने माझे कुरळे केस बघून विचारलं, "शहरातून करून आणले का?"

साखरखेर्ड्याची गेल्याचं तिच्या मुलीने फोनवर सांगितलं. आईच्या फोनमध्ये माझा नंबर "मिरचीवाली" म्हणून होता. रडत नव्हती पोरगी. म्हणाली, "आईनं दवाखान्यात रक्त दिलतं माझ्यासाठी. त्याचं काय झालं हो मावशी?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लिहिलं.

त्या तरुण डॉक्टरणीला मी सोडून दिलं आहे. तिने हात दिला. मी विचारते आहे ते "कळवला जाणार नाही" ही ओळ कागदावर घालून तिच्या वरच्या खोलीत बसलेल्यांना. एकटीचं सांगता येत नाही, हे मला पटलं. रागाने का होईना, पटलं. पण ढिगाचं तर सांगता येतं ना? इतक्या बायांची वानगी घेतलीत. त्यातून काय निघालं, खरं ठरलं की खोटं, पुढच्या बाईच्या उपयोगाचं आहे की फेकून द्यायचं, हे त्या बायांना कोण सांगणार? "अजून कळलं नाही" हाही भाव आहे, मी तो ऐकून घेईन. पण तो तोंडावर येऊन बोलावा लागतो.

मी दर बाजाराला निंबाखाली असते, विचारलं तर कोणीही दाखवेल. पण माझ्याकडे नंतर या. आधी साखरखेर्ड्याला जा. तिथे एक पोरगी विचारते आहे की माझ्या आईच्या रक्ताचं काय झालं. तिला उत्तर द्यायला तुमच्यातलं कोण जाणार आहे, ते सांगा.